परसापर्यंतची बारा पावलं

पक्षाघाताच्या पेशंटला पहिल्या भेटीत "तुमचं ध्येय काय?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "बरं व्हायचं बघा, दुसरं काय." शेजारी उभा असलेला मुलगा म्हणतो, "चालाय पायजे." फाइलीत 'चालणे' एवढं लिहिलं जातं आणि पॅरलल बारमधल्या, म्हणजे दोन समांतर दांड्या धरून चालायच्या, फेऱ्या सुरू होतात. दीड-दोन महिन्यांनी पेशंट हॉलच्या सपाट फरशीवर वॉकर घेऊन झकास चालतो, आणि घरी मात्र दिवसभर खाटेवर असतो. घरात चालत जायचं ते कुठे, हे कुणी विचारलेलंच नसतं.

व्यक्तिकेंद्री पुनर्वसन म्हटलं की पुष्कळांना वाटतं, पेशंटशी गोड बोलायचं. बोलावं की. पण गोड बोलण्याने परसातला उंबरा ओलांडता येत नाही. काय विचारायचं, उत्तर कसं लिहायचं, त्यातून व्यायाम कसा काढायचा आणि जमलं की नाही ते कशावरून ठरवायचं, असं हे सगळं हाताने शिकायचं काम आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या ओपीडीत आणि घरभेटीत ते कसं बसवायचं, याबद्दल आपल्या थेरपिस्ट मंडळींसाठी इथे लिहितोय. उदाहरणं बहुतेक पक्षाघाताची आहेत, कारण आपल्याकडे रिहॅबला येणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा. खुब्याचं हाड मोडलेले किंवा शुगरमुळे पाय गमावलेले पेशंट असले तरी पद्धत तीच.

ध्येय विचारण्यापेक्षा दिवस विचारावा. "दुखणं यायच्या आधी सकाळी किती वाजता उठत होता? उठल्यावर पहिलं काय?" इथपासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत. प्रत्येक कामाला तीन उपप्रश्न: आता ते कोण करतं, ते दुसऱ्याने केलेलं तुम्हाला चालतं का, आणि नसेल चालत तर का? या तिसऱ्या प्रश्नात खरं उत्तर असतं. एखाद्या आजींचं घ्या. खाटेवर शौचाचं भांडं द्यायला सून तयार असते, तिची तक्रारही नसते, पण आजींना ते मरणप्राय वाटतं. त्यांना बाजारात जायचं नाही, फिरायलाही जायचं नाही. परसातल्या संडासाला आपली आपण जायचंय, बस्स. मुलाचं 'चालाय पायजे' आणि आजींचं हे म्हणणं ही दोन वेगळी ध्येयं आहेत. फाइलीत ती दोन वेगळ्या ओळींत, कुणाची कोणती ते लिहून, नोंदवावीत. एकत्र केली की आजींची ओळ गायब होते.

बसण्याची रीतही महत्त्वाची. पेशंट खुर्चीत आणि आपण उभे, अशाने खरं उत्तर येत नाही. स्टूल ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसावं आणि आधी पेशंटला, मग घरच्यांना विचारावं. मुलगा मध्ये बोललाच तर "तुमचं पण ऐकतो, आधी त्यांचं होऊ दे" एवढं म्हटलं की पुरतं. हाक कशी मारायची तेही विचारून घ्यावं. सगळ्याच म्हाताऱ्यांना 'आजोबा' आवडत नाही. निवृत्त शिक्षकाला 'गुरुजी' म्हटलं की ते ताठ बसतात. कुणाला 'अण्णा' हवं असतं, कुणाला 'अक्का'. 'बेड नंबर सात' मात्र कुणालाच नको असतं.

वाचा गेलेल्या पेशंटच्या वतीने घरचेच बोलतात, आणि तिथेच सगळं बिनसतं. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. अशा वेळी खऱ्या वस्तू समोर ठेवाव्यात: तांब्या, काठी, पोळपाट, जपमाळ, मोबाइल. एका वेळी दोनच, कारण पाच ठेवल्या की गोंधळ होतो. पेशंट एकीकडे बोट दाखवतो, मग वस्तूंच्या जागा बदलून पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळा तेच आलं तर उत्तर पक्कं. हो-नाहीचे प्रश्नही उलटे करून पडताळावेत. "जेवण झालंय?" आणि थोड्या वेळाने "अजून जेवायचंय?" दोन्हीला 'हो' आलं तर त्या दिवशी हो-नाहीवर विसंबू नये. ज्या बाजूचं भान गेलंय त्या बाजूला वस्तू ठेवली तर ती दिसतच नाही, म्हणून वस्तू नेहमी मध्यावर, एकाखाली एक ठेवाव्यात.

मोजण्यासाठी कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर हे साधन आहे. 1991 साली ते पहिल्यांदा छापलं गेलं आणि अजून त्याला तोड नाही असं माझं मत. पेशंटने सांगितलेल्या कामांना त्याच्याच मते किती महत्त्व आहे ते 1 ते 10 मध्ये विचारायचं, त्यातली जास्तीत जास्त पाच कामं निवडायची, मग प्रत्येक काम सध्या किती जमतं आणि त्यावर आपण किती समाधानी आहोत, हे पुन्हा 1 ते 10 मध्ये. काही आठवड्यांनी परत विचारल्यावर दोन गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. अडचण अशी की खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला 'दहापैकी किती' हा प्रश्न परका वाटतो. दहा चिंचोके पुढ्यात ठेवावेत. "सगळे म्हणजे पहिल्यासारखं जमतं, एकच म्हणजे अजिबात नाही. तुमचे किती, ते बाजूला काढा." चिंचोके सरकवताना माणूस विचार करतो, आणि त्या वेळी दुबळा हात आपोआप वापरला जातो का तेही दिसतं.

जमतं आणि समाधान हे दोन आकडे वेगळे का, असा प्रश्न नव्या थेरपिस्टांना पडतो. भांडी घासणं 3 आणि समाधान 8 असं उत्तर येऊ शकतं, कारण घासायला नात आहे आणि आजींना त्याचं काही वाटत नाही. अशा कामावर वेळ घालवू नये. उलट जमणं 6 आणि समाधान 2 असेल, तर काम तिथे आहे.

आता ध्येयाचं वाक्य. त्यात ठिकाण, मदत किती आणि मुदत या तीन गोष्टी हव्यातच. 'स्वतंत्रपणे शौचास जाणे' हे वाक्य कुणाच्याही फाइलीत चालेल, म्हणून ते निरुपयोगी. "चार आठवड्यांत, सकाळी, माजघरातल्या खाटेपासून परसातल्या संडासापर्यंत बारा पावलं, वाटेत एक उंबरा, काठी घेऊन, सून मागे पण हात न लावता." हे वाक्य लिहिण्यासाठी घर माहीत असावं लागतं. घरभेट शक्य नसेल तर घरच्यांकडून फोटो मागवावेत आणि मापं घ्यायला सांगावं: खाटेची उंची, उंबऱ्याची उंची आणि जाडी, संडासाच्या दाराची मोकळी रुंदी, आत भिंत कोणत्या हाताला, रात्री दिवा कुठे. टेप नसेल तर वितीने मोजावं, आणि मोजणाऱ्यानेच पुढच्या वेळी येऊन ती वीत आपल्या टेपला लावावी.

मापं आली की बऱ्याच गोष्टी तिथेच उघड होतात. परसातल्या संडासाचं दार पुष्कळदा जेमतेम दोन फुटांचं असतं. मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर 24 ते 26 इंच. म्हणजे ती आत जाणार नाही, दारापासून आतपर्यंत दोन-तीन पावलं उभ्याने टाकावीच लागणार, आणि तीच आधी शिकवायची. उंबऱ्याचं वेगळंच. जिन्याच्या सरावात आपण पायरीवर पाय ठेवायला शिकवतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा. पण आपल्या घरांत उंबऱ्यावर पाय देत नाहीत, तो ओलांडतात. त्यासाठी दुबळा पाय उचलून लांब टाकावा लागतो, आणि पंजा खाली लोंबत असेल तर नेमका तिथेच अडकतो. म्हणून सरावाला घरच्या उंबऱ्याएवढीच उंच आणि रुंद फळी आडवी ठेवावी, हाताशी भिंत किंवा बार असावा, आणि 'पाय द्यायचा नाही, ओलांडायचं' असाच सराव घ्यावा. आठवडाभर करूनही पंजा अडकत असेल तर पंजा उचलून धरणारं स्प्लिंट लावावं, किंवा उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा छोटा उतार घालायला घरच्यांना विचारावं. विचारावं, ठरवून टाकू नये. उंबरा कुणाच्या लग्नात पुजलेला असतो.

बारा पावलं आणि उंबरा झाला तरी निम्मंच काम होतं. दारात वळायचं, एका हाताने लुगडं वर घ्यायचं, बसायचं, धुवायचं, उठायचं हे सगळं बाकी असतं. भारतीय संडासावर ठेवायचं लोखंडी चौकटीचं कमोड स्टूल बाजारात मिळतं. त्याची उंची गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत मोजून घ्यावी, आणि उठताना पाय थरथरत असतील तर दोन-तीन बोटं जास्त. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून काम भागवतात, त्यात दोन धोके आहेत: ओल्या फरशीवर पाय सरकतात आणि कापलेल्या जागेपासून बैठक चिरत जाते. धरायची दांडी चांगल्या हाताच्या भिंतीला, बैठकीपासून वीतभर वर. दांडी पाइपला किंवा नळाला बांधलेली नको, भिंतीत बोल्टने बसवलेली हवी. माणूस उठताना सगळा भार तिच्यावर टाकतो.

डाव्या-उजव्याचा प्रश्न पुस्तकात सापडत नाही. डावी बाजू गेली तर धुवायचं काम उजव्या हाताकडे येतं. ज्या हाताने जेवायचं त्याच हाताने हे करायचं म्हटलं की पुष्कळ जण गप्प होतात आणि पोट साफ नसल्याची तक्रार सुरू होते. खरं म्हणजे ते जाणंच टाळत असतात, त्यासाठी पाणीही कमी पितात. हा विषय आपणच, चारचौघांत नाही, काढावा. हातात धरायचा फवारा बसवता येतो. नळ नसेल तर लांब चोचीचं भांडं उजव्या बाजूला, आणि हात धुवायचा साबण संडासातच, वेगळा. उजवी बाजू गेली तर उलटं: डाव्या हाताने जेवावं लागतं. घरात चालतं, पण लग्नाच्या पंगतीत नाही. मग माणूस लग्नाला जाणंच सोडतो आणि आपण फाइलीत 'सामाजिक सहभाग कमी' लिहितो. जाड मुठीचा चमचा, सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेला असला तरी चालतो, आणि पंगतीऐवजी टेबलाची खुर्ची, एवढ्यावर कित्येकांचं जाणं पुन्हा सुरू होतं.

पुरुषांची ध्येयं ऐकताना शेत येतं, यंत्रमाग येतो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री येते. बायकांकडून हमखास येणारं काम म्हणजे भाकरी. ते नीट उकलून बघण्यासारखं आहे.

उजव्या हाताच्या पक्षाघातात सगळीकडे रबरी चेंडू दाबायला देतात. पक्षाघातानंतर बोटं मिटायची ताकद लवकर येते, उघडायची येत नाही. चेंडू मिटायचीच ताकद वाढवतो, आणि जास्त जोर लावला की मूठ आवळून बसते. भाकरी थापायला उघडा पंजा लागतो. म्हणून चेंडू बाजूला ठेवून परात घ्यावी. सुरुवात मळण्यापासून. खालची मोरी ओली असते, म्हणून टेबलावर, परातीखाली ओलं फडकं म्हणजे ती फिरत नाही. टेबल कोपराच्या उंचीचं किंवा चार बोटं खाली. उंच असलं की खांदा कानाकडे चढतो, आणि तीच सवय लागते. पहिले आठ-दहा दिवस ज्वारीचं पीठ नको. ज्वारीला चिकटपणा नसतो, गोळा भुगा होऊन पसरतो, हात दमतो आणि मन त्याहून जास्त. गव्हाची कणीक, साधारण पाव किलो, थोडी सैलसर. दुबळ्या हातावर चांगला हात ठेवून तळव्याच्या मुळाने पुढे रेटायचं, अंगाचा भार त्या हातावर येऊ द्यायचा. दहा-बारा मिनिटं, मध्ये दोनदा थांबून. बोटं आपोआप आत वळायला लागली की थांबायची वेळ झाली. जोर करून सरळ करू नयेत. मनगट हळू मागे नेऊन, अंगठा बाजूला घेऊन पंजा टेबलावर सपाट ठेवला की दोन मिनिटांत सैल होतात.

कणीक मळणं जमलं की उकड काढून गरम पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ घ्यावं. ते एकजीव राहतं. गोळा लिंबाएवढाच, भाकरी नव्हे तर पुरीएवढी चकती. थापताना दोन गोष्टी लागतात: पंजा उघडा ठेवणं आणि चकती फिरवत ठेवणं. फिरवायचं काम आधी चांगल्या हाताकडे, थापायचं दुबळ्या हाताकडे. ताल आला की अदलाबदल. चांगला हात सगळं काम ओढून घेतो, म्हणून थापण्याच्या वेळी तो मांडीवर, आणि किती वेळ ते चिंचोक्यांनी मोजायचं, घड्याळाने नाही: दहा थापट्या झाल्या की एक चिंचोका. तव्याकडे जायच्या आधी हाताला गरम-गार कळतं का ते तपासलंच पाहिजे. डोळे मिटवून एक कोमट आणि एक गार पाण्याचा पेला, आधी चांगल्या हाताला, मग दुबळ्या हाताला, उलटसुलट क्रमाने. चुकलं तर तवा चांगल्या हाताचा आणि भाकरी लांब उलथन्याने. बधिर हाताने चुलीपाशी काम करताना भाजलेलं उशिरा, वास आल्यावर कळतं.

भाकरी काठाला चिरली, वेडीवाकडी झाली तरी ती त्या दिवशी घरात खाल्ली जावी, असं घरच्यांना आधी सांगून ठेवावं. "राहू दे, मी करतो" असं म्हणत सून परात काढून घेते, मायेनेच, आणि सराव संपतो.

खांद्याबद्दल थोडं, कारण त्यात रोज चुका होतात. वर चाक बांधून दोरीने हात ओढायची पुली जवळजवळ प्रत्येक खोलीत असते. पक्षाघाताच्या सैल खांद्याला ती नको, हात किती वर चाललाय याचा ताबा राहत नाही आणि सांध्यातला नाजूक भाग चिमटतो. बसतं करताना दुबळ्या हाताला धरून ओढणं हीही तशीच खोड. घरी तेलाचं मालिश चालू असतं. "बंद करा" म्हटलं तर ते आपल्यापासून लपून चालू राहतं. तेल लावा, पण खांदा ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, आणि बधिर कातडीवर गरम पिशवी ठेवू नका, एवढं सांगितलं की पाळलं जातं.

कपडे आणि चपला. हॉलमध्ये गाऊन घालून चालायला शिकवायचं आणि घरी गेल्यावर लुगडं, यात पडण्याचं मूळ आहे. शेवटचे आठ-दहा सराव घरच्या कपड्यांतच घ्यावेत, निऱ्या घोट्याच्या वर खोचून. रबरी स्लिपर बोटांनी धरून ठेवावी लागते, दुबळ्या पायातून ती निसटते, म्हणून मागे पट्टा असलेली. कातडी तळाची चप्पल, अथणीची असो नाहीतर कोल्हापूरची, पावसात फरशीवर घसरते. घरात अनवाणी असणाऱ्यांना पायाचं स्प्लिंट थेट फरशीवर सरकतं. त्याच्या तळाला रबराचा पातळ तुकडा चिकटवून घ्यावा. देवघरात चपलेसारखं काही चालणार नाही म्हणतात, तिथे वाद घालू नये. देवघराच्या दाराशी खुर्ची, आणि ताम्हण हाताशी, हा मार्ग निघतो. काठीची उंची चप्पल घालून, हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. काठी चांगल्या हातात. खानापूरकडच्या तांबड्या चिखलात काठीचं रबर महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत होतं, म्हणून जूनच्या आधी दोन जादा रबरं देऊन ठेवावीत.

पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय लिहून देण्याआधीच विचारावं: मांडी घालून बसायचंय का, अनवाणी राहायचंय का, चिखलात उतरायचंय का. 1968 साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला जयपूर फूट याच गरजांतून आला. भात लावणीला उतरणाऱ्या माणसाला बूट घालूनच चालणारा महागडा पाय दिला तर तो खुंटीला लटकतो.

गिळण्याच्या तक्रारीत पेशंटची निवड आणि धोका समोरासमोर येतात. भाकरी सोडायची म्हटलं की म्हातारा माणूस जेवणच सोडतो. घरचे मग भाकरी आमटीत कुस्करून देतात. मऊ दिसतं, पण पातळ रस आणि घट्ट तुकडे एकाच घासात आले की गिळायला सगळ्यात अवघड. पाणी आधी घशात उतरतं आणि ठसका लागतो. एकसारखं घट्ट काहीतरी हवं: मऊ कालवलेला भात, घट्ट पिठलं, दाट आंबील. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, आणि जेवल्यावर अर्धा तास बसून. जेवताना आवाज ओलसर झाला किंवा वरचेवर ताप आला तर स्पीच थेरपिस्टकडे पाठवायचं, घरगुती उपाय थांबवायचे. एवढं समजावूनही पेशंट भाकरीच हवी म्हणाला तर? तो त्याचा हक्क आहे, फक्त काय होऊ शकतं ते त्याला कळेल असं सांगितलेलं असावं, घरच्यांसमोर सांगितलेलं असावं, आणि तसं लिहिलेलं असावं. मग सगळ्यात कमी धोक्याने ते कसं करता येईल ते आपण शोधायचं.

"तुम्ही सांगशिला तसं" हे उत्तर इथे फार येतं. त्यात आदर असतो, आणि थोडी भीतीही, की आपण काही बोललो तर डॉक्टर रागावतील. अशा माणसाला मोकळा प्रश्न विचारून कोंडीत पकडू नये. दोन पर्याय द्यावेत: "आधी आंघोळीचं बघूया की जेवणाचं?" एक निवडलं की हळूहळू तिसरंही स्वतःहून बाहेर येतं. आणि "मला आता काहीच नको" असं उत्तर वारंवार आलं, झोप नाही, भूक नाही, डोळे भरून येतात, तर ते हट्टाचं लक्षण समजू नये. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. ते सुरू झाल्याशिवाय ध्येयाची चर्चा पुढे रेटण्यात अर्थ नाही.

भाषेची गाठ आपल्या भागात रोजची. थेरपिस्ट कन्नड किंवा मल्याळी, आजी मराठी, मध्ये नातू. नातू तीन वाक्यांचं एक करतो, आणि लघवीचं, पाळीचं, नवरा-बायकोचं काही त्याच्यामार्फत विचारलंच जात नाही. वॉर्डातल्या मराठी बोलणाऱ्या सिस्टर किंवा आयांना दहा मिनिटं बोलावून घ्यावं आणि नातवाला बाहेर बसवावं. घरी न्यायचा कागद कोणत्या भाषेत हवा ते घरात वाचणाऱ्यावर ठरतं. सून मराठी शाळेत शिकलेली, नात कन्नड शाळेत जाते, असं एकाच घरात असतं. मला विचाराल तर कागदापेक्षा फोन बरा. व्यायाम करवून घेताना घरच्यांच्या फोनवर अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत, मराठीत, पेशंटचं नाव घेऊन. आणि व्यायाम तीनच. बारा लिहून दिले तर एकही होत नाही. तिन्ही रोजच्या कशाला तरी बांधलेले: चहा उकळेपर्यंत धरून उभं राहणं, जेवायला बसताना खुर्चीतून पाचदा उठबस, टीव्हीवरची मालिका लागली की हात टेबलावर. शेवटी "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, आता तुम्ही करून दाखवा." 'कळलं का?' विचारलं तर सगळे मान हलवतात.

हे सगळं वीस मिनिटांच्या ओपीडीत बसत नाही, हे खरं. पहिली भेट पाऊण तासाची लागतेच. ती वाचवली तर पुढचे दोन महिने भलत्याच कामावर जातात. नंतरच्या प्रत्येक भेटीत पहिली दोन मिनिटं फक्त ध्येयाच्या वाक्याला: या आठवड्यात किती वेळा केलं, कुठे अडलं. मोजायला 1968 साली किरेसुक आणि शर्मन यांनी मांडलेली पाच पायऱ्यांची पट्टी सोपी पडते. आजींच्या उदाहरणात -2 म्हणजे खाटेवर भांडं, -1 म्हणजे सुनेच्या हाताला धरून संडासापर्यंत, 0 म्हणजे ठरवलेलं वाक्य जसंच्या तसं, +1 म्हणजे दिवसा एकट्याने, +2 म्हणजे रात्रीही. पायऱ्या सुरुवातीलाच लिहून पेशंटला वाचून दाखवाव्यात, मध्येच बदलू नयेत. चार आठवड्यांनी -1 वरच अडकलं तर पेशंटने 'ऐकलं नाही' असं लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: ध्येय खरंच त्यांचं होतं की मुलाचं, सराव घरासारख्या जागेत झाला का, आणि मदत करणारं माणूस त्या वेळी घरात असतं का. जून-जुलैत लावणीच्या दिवसांत ते नसतंच. त्या दोन महिन्यांची मुदत ठरवतानाच ढिली धरावी, आणि कुटुंबाशी बोलायचं असेल तर रविवारी किंवा फाउंड्रीची पाळी सुटल्यावर संध्याकाळी.

येण्याजाण्याचं गणितही ध्येयाइतकंच विचारून घ्यावं. शक्ती योजनेत 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, म्हणून सासूबरोबर सून आली तर खर्च वाचतो, मुलगा आला तर तिकीटही आणि त्याची हजेरीही बुडते. पण बसची पहिली पायरी उंच असते. बसने यायचं असेल तर ती पायरी चढणं हेच पहिलं ध्येय होऊ शकतं, आणि तोवर आठवड्यातून एकदा येणं व बाकी फोनवर.

कागदपत्रांचं काम थेरपिस्टचं नाही असं म्हणून सोडू नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, देशभर चालतं, पेन्शन मात्र राज्याची. उपचार मिरज-कोल्हापुरात झालेले असले तरी राहणारा बेळगाव जिल्ह्यातला, म्हणून पेन्शनचा अर्ज इथेच आणि फॉर्म कन्नडमध्ये. ग्रामपंचायतीत व्ही.आर.डब्ल्यू. आणि तालुक्याला एम.आर.डब्ल्यू. असे पुनर्वसन कार्यकर्ते असतात, फॉर्म भरायला तेच मदत करतात. त्यांचा नंबर डिस्चार्जच्या कागदावर घरच्यांसमोर लिहून द्यावा, आणि ध्येयाचं वाक्य व गेल्या वेळचे चिंचोके किती होते तेही त्याच कागदावर. पुढचा थेरपिस्ट, तो खानापूरचा असो की चंदगडचा, तिथूनच सुरू करू शकतो.